दखलपात्र म्हणजे काय ओ?

(कंग्राळी बुद्रुक येथे गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाल्यावर भाषण म्हणजे प्रसादाच्या वाटेतला दगड, हे आम्हांला ठाऊक आहे. मंडळाने वीस मिनिटे दिली आहेत. तेवढीच घेऊ. एक खुलासा आधीच केलेला बरा. बोलणारा एकच उभा आहे, पण मजकूर तिघांचा आहे. वाचनालयाच्या ओट्यावर संध्याकाळी आम्ही तिघे बसतो. एक शाळेतून निवृत्त झालेले, एकाची हयात कोर्टाच्या कारकुनीत गेलेली, आणि तिसऱ्याचे किराणा दुकान. वर्तमानपत्र वाचून झाले की लोक कागद घेऊन येतात. वीजबिल, पिकाच्या नुकसानीचा अर्ज, बँकेची नोटीस, कधी पोलिसांचा कागद. आम्ही वकील नाही. वाचून दाखवतो, अर्थ लावतो, आणि जिथे आमची मजल संपते तिथे वकिलाकडे पाठवतो. म्हणून आज ‘मी’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणतो आहोत.

आज एकाच शब्दावर बोलायचे आहे. इंग्रजीत ‘कॉग्निझेबल’. मराठीत ‘दखलपात्र’. त्याचा उलटा जोडीदार ‘नॉन-कॉग्निझेबल’, म्हणजे ‘अदखलपात्र’. पोलीस ठाण्यात त्याचे लाडके नाव एन.सी. शब्द लहान आहे, पण पोलिसाने तुमच्या दारात पाऊल टाकायचे की नाही, तुम्हांला जीपमध्ये बसवायचे की नाही, हे हा शब्द ठरवतो.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एक मावशी कागद घेऊन आल्या. नाव सांगत नाही, पण ऐकताना काही जणांच्या लक्षात येईलच. नवरा वारलेला, मुलगा बाहेरगावी नोकरीला, घरात त्या आणि शाळेत जाणारा नातू. रानात थोडी जमीन, शेजारी चुलत दिराची. बांधावरून वाद. तो वाद किती जुना आहे ते विचारू नका, कंग्राळीत बांध आधी झाला की भांडण आधी झाले हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या दिवशी वाद वाढला, दिराने मावशींच्या थोबाडीत मारली, नको ते बोलला, ‘परत इथे दिसलीस तर बघ’ असा दम दिला. मावशी थेट ठाण्यात गेल्या. तिथे ऐकून घेतले, लिहूनही घेतले, आणि काही दिवसांनी एक कागद हातात दिला. कानडीत होता. आपल्याकडे त्याला ‘हिंबरह’ म्हणतात, अर्जाच्या पाठीवरचे उत्तर. मध्ये एकच शब्द इंग्रजी होता. नातवाने तो मोबाईलवर शोधला आणि आजीला सांगितले, ‘आजी, याचा अर्थ ओळखता न येण्यासारखा.’

मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा राग नव्हता, नवल होते. म्हणाल्या, ‘मी नाव सांगितलं, गल्ली सांगितली, माझा चुलत दीर आहे म्हणून सांगितलं. आणि पोलीस म्हणतात ओळखता येत नाही. असं कसं ओ?’

आम्ही हसलो, हे कबूल करायला हवे. मग आमच्यातल्या कारकुनांनी ऐटीत सांगितले, ‘मावशी, तसं नाही, मराठीत याला अदखलपात्र म्हणतात.’ मावशी गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘म्हणजे माझी दखल घेण्यासारखी गोष्टच नाही म्हणा की.’ आणि पदराने डोळे पुसत उठून गेल्या.

त्या गेल्यावर आम्हांला आमचे हसू बोचले. आम्ही शब्दाचा अर्थ सांगितला होता, आणि त्या अर्थानेच त्यांना घरी बसवले होते. पुढचे पाच महिने त्या कुणाकडे गेल्या नाहीत. पाच महिने हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता त्या शब्दाकडे वळू. नातू चुकला नव्हता, ही पहिली गोष्ट. ‘कॉग्निझेबल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘जाणणे, ओळखणे’ या धातूवरून आला. आणि गंमत म्हणजे तो लॅटिन धातू आणि आपला संस्कृत ‘ज्ञा’ हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातले. ज्ञान, विज्ञान, प्रज्ञा आणि हे कॉग्निझेबल, सगळी भावंडे. हिंदीत याला ‘संज्ञेय अपराध’ म्हणतात, कानडीतही ‘संज्ञेय’च. म्हणजे भाषांतर करणाऱ्याने धातूला धातू जोडून ठेवला. सुरेख जुळले, पण सामान्य माणसाला त्यातून कळत काहीच नाही. मारणारा कोण ते माहीत असले तरी गुन्हा असंज्ञेय!

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ‘कॉग्निझन्स’ म्हणजे एखादा खटला ऐकण्याचा न्यायाधीशाचा अधिकार. अमुक खटल्याची ‘कॉग्निझन्स’ अमुक न्यायालयाला, असे म्हणत. जाणण्यापासून अर्थ सरकला आणि हात घालण्याच्या अधिकारापर्यंत आला. आपल्याकडे इंग्रजांनी तोच शब्द पोलिसांना लावला. आणि ज्या इंग्लंडातून भाषा आली, तिथे गुन्ह्यांची अशी कॉग्निझेबल आणि नॉन-कॉग्निझेबल वाटणी नाही. ती भारत, पाकिस्तान, बांगलादेश इकडची. शब्द साहेबाचा, पण अर्थ आपल्याकडच्या कचेरीत घडलेला.

उर्दू कायद्याच्या भाषेत त्याला ‘काबिल-ए-दस्तअंदाजी पोलीस’ म्हणतात. दस्त म्हणजे हात. पोलिसाने हात घालण्याजोगा. गुजरातीत ‘पोलीस अधिकारनो गुनो’. या दोन्हींत कुठेही शंका नाही. गुजरातमधल्या मावशीला ‘हा पोलीस अधिकाराबाहेरचा गुन्हा आहे’ असे सांगितले असते, तर तिने लगेच विचारले असते, ‘मग कुणाच्या अधिकारातला आहे?’ आणि हा प्रश्न अगदी बरोबर आहे.

आमची मराठी इथे फसली. ‘दखल’ मूळ अरबी, अर्थ प्रवेश, शिरकाव. दाखल, दाखला, बेदखल ही सगळी त्याच घरची. कुळ बेदखल झाले, म्हणजे जमिनीवरून बाहेर काढले गेले, हे आपल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा ज्याने ‘दखलपात्र’ हा शब्द घडवला, त्याच्या मनात ‘पोलिसाने आत शिरण्याजोगा गुन्हा’ असा अर्थ असणार, आणि तो चोख आहे. पण बोलीत ‘दखल घेणे’ म्हणजे लक्ष देणे, किंमत देणे. ‘मंत्र्यांनी गंभीर दखल घेतली’ असे पेपरात रोज येते. त्यामुळे ‘अदखलपात्र’ ऐकताच माणसाला वाटते, आपल्याला कचऱ्यात काढले. आमच्या मते मराठी कायद्याच्या कोशातला हा एक अत्यंत दुर्दैवी शब्द आहे. चुकीचा नाही, दुर्दैवी.

मग कायद्यात नेमके काय लिहिले आहे? व्याख्या फार सरळ आहे. ज्या गुन्ह्यात पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय अटक करू शकतो, तो दखलपात्र. बाकीचे अदखलपात्र. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही व्याख्या होती, १९७३ च्या संहितेत आली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. व्याख्येत गुन्हा मोठा की लहान, खरा की खोटा, याबद्दल अक्षर नाही. पोलिसाच्या हाताची लांबी तेवढी मोजलेली आहे.

कुठला गुन्हा कुठल्या बाजूला, हे संहितेच्या शेवटी पहिल्या अनुसूचीत दिलेले आहे. लांबलचक तक्ता आहे. कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र की नाही, जामीनपात्र की नाही, खटला कुठल्या कोर्टात. साधारणपणे शिक्षा मोठी तर गुन्हा दखलपात्र. इतर कायद्यांतल्या गुन्ह्यांबाबत तर अनुसूचीचा दुसरा भाग सरळ सांगतो, तीन वर्षे किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा असेल तर दखलपात्र, कमी असेल तर नाही, त्या कायद्यात वेगळे काही म्हटले नसेल तर. पण मुख्य तक्त्यात हा सरळपणा नाही. थोबाडीत मारणे, म्हणजे साधी दुखापत, हिला एक वर्षापर्यंत कैद, तरी अदखलपात्र. दुसऱ्याच्या जमिनीत त्रास देण्याच्या हेतूने घुसणे, म्हणजे फौजदारी अतिक्रमण, त्याला तीनच महिने, तरी दखलपात्र! नुसता दम देणे अदखलपात्र, शिवीगाळ करून अपमान करणे अदखलपात्र, बदनामी अदखलपात्र. हाताने मारले तर एक बाजू, कोयत्याने मारले तर दुसरी. चोरी दखलपात्र, पण नव्या कायद्याने पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी अदखलपात्र केली. हे नवे आहे. शेळी चोरीला गेली तर तिची किंमत आधी नीट सांगा.

या ठिकाणी आणखी एक घोळ निस्तरून घेऊ, कारण आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात जणांचा तो असतो. दखलपात्र म्हणजे जामीन नाही, असे नव्हे. ते दोन वेगळे रकाने आहेत. अतिक्रमण दखलपात्र आहे आणि जामीनपात्रही आहे. आणि ‘अटक करू शकतो’ म्हणजे ‘अटक केलीच पाहिजे’ असेही नव्हे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात बजावले की, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करू नये, गरज काय ते लिहावे, नाहीतर नोटीस देऊन बोलवावे. म्हणजे हात घालता येतो, पण तो घातलाच पाहिजे असे नाही.

आता कुणी विचारेल, ही वाटणी करायचीच कशाला? प्रत्येक गुन्ह्यात पोलिसांना अधिकार द्या की! मावशींचेही तेच म्हणणे होते. याचे उत्तर शोधताना आम्हांला आपल्याच गावाकडे बघावे लागले.

इंग्रजांनी १८६० मध्ये दंड संहिता केली, १८६१ मध्ये पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता आणि त्याच वर्षी पोलीस कायदा. पोलीस उभे केले ते राज्य सांभाळायला, आणि स्वतः उभ्या केलेल्या त्या पोलिसांवर त्यांचा पुरता विश्वास नव्हता. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात आले आणि आजही आहे. त्याच अविश्वासाची दुसरी खूण म्हणजे ही वाटणी. गावातल्या बारीकसारीक भांडणात पोलिसाला वॉरंटाशिवाय धरपकडीचा अधिकार दिला, तर जो ठाण्याच्या जवळचा तो दुसऱ्याला रोज उचलायला लावेल. म्हणून अशा गुन्ह्यात मध्ये मॅजिस्ट्रेट उभा केला. त्याच्या हुकमाशिवाय तपास नाही, वॉरंटाशिवाय अटक नाही. हा नियम पोलिसांसाठी कुंपण आहे, आणि कुंपणाच्या आतल्या बाजूला आपण आहोत.

हे आपल्या भागाला वेगळे समजवायला नको. या सभेत कलम १४४, १०७, १५१ तोंडपाठ असणारे आजोबा बसले आहेत, ज्यांनी कायद्याचे पुस्तक कधी उघडलेले नाही. १९५६ च्या जानेवारीपासून सीमाभागाने मोर्चे पाहिले. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, त्यातल्या हुतात्म्यांचे स्मारक इथून हाकेच्या अंतरावर, हिंडलग्यात आहे. त्या प्रश्नाच्या राजकारणात आज जायचे नाही. पण मोर्चाच्या आदल्या रात्री दारावर टकटक व्हायची, तेव्हा ज्या कलमाखाली माणूस नेला जायचा ते होते जुने १५१, नव्या संहितेत १७०. त्या कलमात हाच शब्द आहे. दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत असल्याचे पोलिसाला समजले, आणि तो अन्यथा टाळता येत नाही असे दिसले, तर तो मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय, वॉरंटाशिवाय अटक करू शकतो. चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, दुसरे कारण असल्याखेरीज.

नीट ऐका, ‘दखलपात्र’ गुन्ह्याचा बेत. कुठलाही बेत नव्हे. कुणी घोषणा देणार आहे, कुणी पत्रक वाटणार आहे, एवढ्याने हे कलम लागत नाही. पुढे दखलपात्र गुन्हा दिसला पाहिजे, आणि अटकेशिवाय तो टळणार नाही असेही दिसले पाहिजे. तेव्हा त्या रात्री घराघरांत बायकांनी ‘कोणता गुन्हा ओ साहेब?’ असे विचारले असते, तर त्याला कायद्यात आधार होता. आम्हांला ते तेव्हा माहीत नव्हते. आमच्यातले दुकानदार एका रात्री असेच गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. कशासाठी नेले हे त्यांनाही सांगता येईना, आम्हीही विचारले नाही. ‘ताब्यात घेतलं होतं’ एवढेच पेपरात आले.

पोलिसांनी आत यावे अशी इच्छा असलेल्या मावशी, आणि पोलिसांनी दारातच थांबावे अशी इच्छा असलेले दुकानदार. दोघेही आमच्याच ओट्यावरचे. दोघांनाही एकाच शब्दाने अडवले किंवा वाचवले. आम्ही यावर बरेच दिवस वाद घातला. थोबाडीत मारणे दखलपात्र करावे का? शिक्षक हो म्हणाले, दुकानदार नाही म्हणाले. कारकून म्हणाले, शब्द आहे तसा राहू दे, पण पुढचे वाक्य सांगायची सक्ती करा.

ते पुढचे वाक्य असे. अदखलपात्र गुन्ह्याची खबर आली, तर ठाणे अंमलदाराने तिचा सारांश वहीत नोंदवायचा, आणि खबर देणाऱ्याला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगायचे. हे जुन्या कलम १५५ मध्ये होते, आता १७४ मध्ये आहे. नव्या कलमात अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचीही तरतूद आहे. मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला की पोलीस तपास करू शकतात. थेट कोर्टात खासगी फिर्यादही करता येते. म्हणजे एन.सी. झाली म्हणून गोष्ट संपत नाही. तिचे दार बदलते, एवढेच. मावशींच्या कागदावर हे लिहिलेले होते बहुधा, आम्ही तो पुन्हा वाचला तेव्हा शेवटच्या ओळीत दिसले. कानडी वाचणारा आमच्यात एकच, आणि त्या दिवशी त्याचा चष्मा घरी होता. ठाण्यातल्या माणसाने खोटे सांगितले नव्हते, वाईटही वागला नव्हता. मावशींना समजेल अशा भाषेत शेवटची ओळ कुणी सांगितली नाही, त्यात आम्हीही आलो.

आणि इकडे घड्याळ चालू होते. एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्याची कोर्टाने दखल घ्यायला मुदत एक वर्षाची. (बघा, इथे पुन्हा ‘दखल’ आली. ही कोर्टाची दखल, वेगळी. पोलिसांची दखल म्हणजे अटकेचा अधिकार, कोर्टाची दखल म्हणजे खटला हातात घेणे. सरकारी हुकूम मोडल्याच्या गुन्ह्यात तर अशी मजा आहे की पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात, पण संबंधित अधिकाऱ्याची लेखी फिर्याद असल्याशिवाय कोर्ट दखल घेऊ शकत नाही. एकाच शब्दाचे दोन भाऊ, एकमेकांशी न बोलणारे.) मावशींचे पाच महिने गेले होते. आणखी सात गेले असते, तर थोबाडीत मारल्याची गोष्ट कायद्यापुरती मिटली असती.

पाच महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, त्या दुसऱ्याच कामासाठी. रताळी काढायला माणूस मिळेना म्हणून विचारायला. बोलता बोलता म्हणाल्या, ‘यंदा फार नाहीत, त्यानं त्या दिवशी वेल उपटले ना.’ आम्ही विचारले, कुणी? कधी? ‘त्याच दिवशी की! आधी माझ्या रानात शिरला, चार सऱ्या वेल उपटून टाकले, मी अडवायला गेले तेव्हा मारलं.’ हे ठाण्यात सांगितलं होतं का? ‘नाही ओ. वेलाचं काय सांगायचं? मार खाल्ला ते सांगितलं.’

आमच्या कारकुनांनी डोक्याला हात लावला. कारण अतिक्रमण दखलपात्र आहे. आणि त्याच कलम १७४ च्या चौथ्या पोटकलमात (जुन्या १५५ मध्येही होते) लिहिले आहे की एका प्रकरणात दोन किंवा अधिक गुन्हे असतील आणि त्यांतला एक जरी दखलपात्र असेल, तर सगळे प्रकरण दखलपात्र धरायचे. मावशींना जी गोष्ट मोठी वाटली, ती पोलिसांच्या हाताबाहेरची होती. जी सांगण्यासारखी वाटली नाही, तिच्यात सगळी किल्ली होती.

सावध राहा. याचा अर्थ अर्जात वाटेल ते घुसडा असा नाही. आमच्याकडे असेही लोक येतात. ‘काहीतरी दखलपात्र घाला की ओ त्यात,’ म्हणतात. खोट्या तक्रारीलाही कलम आहे, आणि आम्ही असल्या कागदाला हात लावत नाही. जे घडले ते सगळे, घडले त्या क्रमाने सांगा. कुठून आला, कुठे पाय ठेवला, हातात काय होते, काय मोडले, त्याची किंमत किती, कोण पाहत होते. रागात माणूस फक्त अपमान सांगतो आणि बाकीचे गिळतो.

नवा अर्ज लिहिला. मराठीतच लिहिला, मावशींच्या बोलण्याच्या क्रमाने. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडायचा हक्क आहे. पण हक्क आहे म्हणून अडून बसण्यात मावशींचे भले नव्हते. गल्लीतला एक पोरगा कानडी माध्यमात शिकलेला, त्याच्याकडून भाषांतर करून सोबत जोडले. हा पोरगा पोलीस भरतीचा अभ्यास करतोय. पोलीस प्रशिक्षण शाळा आपल्या कंग्राळीतच असल्याने इथल्या निम्म्या पोरांना ते स्वप्न पडतेच. भाषांतर करताना त्याने विचारले, ‘काका, संज्ञेय म्हणजे काय ते मला पण आज कळलं.’ आम्ही म्हटले, पाठ करून ठेव, तुझ्या परीक्षेत येईल.

भाषेवरून एक जुना खटला आठवतो. १९६१ साली नागपूरच्या एका माणसाला प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली ठेवले. कारणांचा कागद इंग्रजीत दिला. त्याने हिंदीत मागितला, मिळाला नाही. सरकारचे म्हणणे, अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले होते. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात त्याला सोडले. माणसाला समजेल अशा भाषेत कारणे दिली नाहीत, तर ती दिलीच नाहीत असे समजायचे, असा त्याचा गाभा. आणि आता २०२५ च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साध्या अटकेलाही हे लावले, अटकेची कारणे लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्यायची. दुकानदारांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, ‘चाळीस वर्षं उशीर झाला की.’

मावशींसोबत आम्ही दोघे ठाण्यात गेलो. आमची तयारी भांडणाची होती, ती वाया गेली. २०१३ चा ललिता कुमारी निकाल आम्ही कागदावर लिहून खिशात ठेवला होता. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा तो निकाल सांगतो की खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफ.आय.आर. नोंदवणे बंधनकारक आहे. नाही नोंदवला तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी पाठवायचे, तिथेही नाही झाले तर मॅजिस्ट्रेटकडे. तो कागद बाहेर काढायची वेळ आली नाही. तिथल्या अधिकाऱ्याने दोन पाने वाचली, भाषांतर वाचले, आणि मावशींनाच विचारले, ‘हे आधी का नाही सांगितलं अज्जी?’ मावशी म्हणाल्या, ‘तुम्ही विचारलं नाही की.’ यावर कुणाकडेच उत्तर नव्हते. नोंद झाली. जबाब वाचून दाखवला. एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते, ती मागून घेतली. हे तुम्हीही विसरू नका. फिर्यादीला प्रत मोफत द्यायची असे कलमातच आहे, झेरॉक्सचे पैसेसुद्धा लागत नाहीत.

पुढे काय झाले विचाराल. दिराला नोटीस गेली, अटक झाली नाही, व्हायची गरजही नव्हती. तो बोलायला आला, चुलत्यांना घेऊन. मावशींनी चहा दिला. तडजोड झाली नाही अजून. बांधाची मोजणी करून घ्या, वेलांचे पैसे द्या, आणि थोबाडीत मारल्याबद्दल गल्लीसमोर माफी माग, असे तीन मुद्दे मावशींनी मांडले आहेत. पहिल्या दोन गोष्टींना तो तयार आहे, तिसऱ्यावर घोडे अडले आहे. आमच्यातल्या शिक्षकांनी सुचवले, माफी घरात मागितली तर चालेल का? मावशी म्हणाल्या, ‘मारलं रानात, सगळ्यांच्या देखत. माफी घरात कशी ओ?’

प्रकरण कोर्टात गेले आहे. तारीख दिवाळीनंतरची आहे. मावशी आज पुढच्याच ओळीत बसल्या आहेत, आणि त्यांनी परवानगी दिली म्हणूनच आम्ही हे सांगितले. वाचनालय रोज संध्याकाळी साडेपाचला उघडते, गुरुवारी बंद. कागद आणाल तेव्हा सगळी पाने आणा, पहिले आणि शेवटचे दोन्ही. आणि आम्ही आमचा चष्मा आता वाचनालयातच ठेवतो.